उत्तर दोन बाइटचं, मागणी अठ्ठावीस हजारांची

निन्टेंडो स्विच या खेळाच्या यंत्राचा उजवा जॉय-कॉन (बाजूला बसणारा कंट्रोलर) सरकवून काढला की खाचेच्या तळाशी दहा बारीक पिना दिसतात. त्यातली दहावी पिन ग्राउंडला टेकवायची. काहींनी त्यासाठी थ्रीडी प्रिंटरवर इवलीशी जिग छापून घेतली, काहींनी पेपरक्लिप वाकवून काम भागवलं. मग आवाज वाढवायचं बटण दाबून धरायचं आणि पॉवर दाबायची. पडदा काळाच राहतो; अनोळखी माणसाला वाटेल, यंत्र गेलं. पण यूएसबी केबलच्या दुसऱ्या टोकाला लिनक्सवाला लॅपटॉप असेल आणि त्यावर जोडलेल्या उपकरणांची यादी काढली, तर ०९५५:७३२१ अशा क्रमांकाचं एनव्हिडियाचं एक 'एपीएक्स' तिथे हजर असतं. खेळाचं यंत्र झोपलेलं आहे. जागा आहे तो त्याच्या पोटातला एक लहानसा प्रोसेसर, आणि तो आज्ञेची वाट बघतोय.

एप्रिल २०१८ मध्ये या काळ्या पडद्यामागून सही नसलेला प्रोग्रामही चालवून घेणारं जे भोक बाहेर पडलं ते सिक्युअर बूटचं, म्हणजे सही पटलेलाच प्रोग्राम चालू देणाऱ्या व्यवस्थेचं, फर्मवेअर (यंत्रातच बसवलेला प्रोग्राम) लिहिणाऱ्या प्रत्येकानं एकदा तरी कागद-पेन्सिल घेऊन उलगडून बघावं असं माझं मत आहे. आकर्षण खेळाच्या यंत्राचं नाही. या प्रकरणात गुप्तलेखन कुणीच मोडलं नाही. आरएसए (चावीनं सही तपासायची पद्धत) शाबूत, हॅश (मालाचा लहानसा गणिती ठसा) शाबूत, चिपमधले फ्यूज (एकदाच जाळून केलेल्या नोंदी) शाबूत. तरीही सगळं गेलं.

आड आणि पोहरा

स्विच ३ मार्च २०१७ ला बाजारात आला. आत एनव्हिडियाचा टेग्रा एक्स-१. त्यातले मोठे कॉर्टेक्स-ए५७ कोअर खेळ चालवतात, पण वीज आल्याबरोबर ते उठत नाहीत. आधी उठतो एक जुन्या घराण्यातला एआरएम-७ कोअर, ज्याचं काम बूट आणि वीज-व्यवस्थापन सांभाळणं एवढंच. तो ज्या सूचना वाचतो त्या मास्क रॉममध्ये असतात, म्हणजे चिप घडवतानाच सिलिकॉनमध्ये कोरलेल्या.

ही बूट रॉम साठवणीतून एक तक्ता वाचते. तक्त्यात सार्वजनिक चावी असते. तिचा हॅश काढायचा, फ्यूजमध्ये कारखान्यात जाळून ठेवलेल्या हॅशशी ताडायचा. जुळला तर त्या चावीनं तक्त्याची २,०४८ बिटांची आरएसए सही तपासायची. सही खरी ठरली की पहिला बूटलोडर (पुढचा प्रोग्राम चढवणारा छोटा प्रोग्राम) उचलायचा, तो पुढच्याला तपासतो, पुढचा त्याच्या पुढच्याला, असं करत कर्नलपर्यंत, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यापर्यंत. आडात असेल तरच पोहऱ्यात येणार, आणि इथला आड म्हणजे ती रॉम. तिला तपासणारं तिच्या मागे कुणी नाही.

मग यूएसबीचा तो दरवाजा कशाला ठेवला? कारण कारखान्यात बोर्ड पहिल्यांदा चालू होतो तेव्हा साठवण कोरी असते, आणि दुरुस्तीला परत आलेल्या यंत्रात ती कधी कधी बिघडलेली असते. अशा वेळी यूएसबीवरून थोडा प्रोग्राम आत ढकलून यंत्र जिवंत करावं लागतं. त्याला रिकव्हरी मोड म्हणतात. हा मोडही सही मागतो. एनव्हिडियानं तो उघडा सोडला नव्हता. लॅपटॉपनं आधी यंत्राचा १६ बाइटांचा ओळख-क्रमांक वाचायचा, मग संदेश पाठवायचा: लांबी, सही, आणि त्यामागून प्रोग्राम. संदेश पूर्ण आला की सही तपासली जाते, आणि ती पटली तरच प्रोग्राम चालतो.

'पूर्ण आला की' हे तीन शब्द लक्षात ठेवा.

दोन बाइट

यूएसबीवर जोडलेल्या कुठल्याही उपकरणाला यजमान, म्हणजे इथे लॅपटॉप, काही ठरावीक प्रश्न विचारू शकतो. तू कोण, तुझं कॉन्फिगरेशन कोणतं, तुझा अमुक एंडपॉइंट (डेटा ये-जा करायची वाट) अडकलाय का. प्रत्येक प्रश्न ८ बाइटांच्या पाकिटात येतो आणि शेवटचे २ बाइट सांगतात की यजमानाला जास्तीत जास्त किती लांबीचं उत्तर चालेल. २ बाइटांत मावणारा सगळ्यात मोठा आकडा ६५,५३५.

यूएसबीचा नियम साधा आहे: यजमानानं कितीही मागू दे, तुझ्याकडे आहे तेवढंच दे. एंडपॉइंटच्या स्थितीचं उत्तर २ बाइटांचं असतं. ५०० मागितले तरी २ द्यायचे.

टेग्राच्या रॉममध्ये बहुतेक प्रश्नांना हा नियम पाळलेला होता. मोजक्या ठिकाणी राहून गेला, आणि त्यातलं एक ठिकाण नेमकं हे, एंडपॉइंटच्या स्थितीचं. तिथे 'किती पाठवायचं' या व्हेरिएबलमध्ये यजमानानं मागितलेला आकडा जसाच्या तसा भरला गेला. पुढच्या ओळीला मेमकॉपी, म्हणजे बाइट इकडून तिकडे नकलणारं फंक्शन. उत्तराचे २ बाइट स्टॅकवर (चालू फंक्शनांच्या तात्पुरत्या मेमरीत) ठेवलेले, तिथून सुरुवात करून यजमान म्हणेल तितके बाइट उचलायचे आणि यूएसबीच्या बफरमध्ये (ये-जा करणाऱ्या बाइटांच्या तात्पुरत्या जागेत) टाकायचे.

आता पत्ते बघू. सगळे हेक्समध्ये (सोळाच्या पायावर, म्हणून ९ नंतर अक्षरं येतात) आहेत, पण सुदैवानं त्यांत एकही अक्षर नाही. यूएसबीचे दोन बफर आळीपाळीनं वापरले जातात, एक ४०००५००० ला, दुसरा ४०००९००० ला. स्टॅक ४००१०००० पासून खाली वाढतो. आणि यूएसबीवरून येणारा, अजून सही न तपासलेला प्रोग्राम उतरवून घेतला जातो ४००१०००० पासूनच, वरच्या दिशेनं. म्हणजे स्टॅक आणि परका माल यांच्यात भिंतसुद्धा नाही, एकाचा उंबरठा तोच दुसऱ्याचा.

मेमकॉपी वाचते स्टॅकवरून. वाचता वाचता स्टॅक संपतो आणि ती सरळ परक्या मालात शिरते, म्हणजे हल्लेखोरानं नुकत्याच पाठवलेल्या बाइटांत. लिहिते बफरमध्ये. लिहिता लिहिता बफर संपतो आणि ती पुढे जात जात खालच्या बाजूनं स्टॅकवर येऊन आदळते. दुसऱ्या बफरपासून स्टॅकच्या माथ्यापर्यंतचं अंतर ४००१०००० वजा ४०००९०००, हेक्समध्ये ७०००, आपल्या दशमानात २८,६७२ बाइट. तेवढे मागितले की स्टॅकवरचा परतीचा पत्ता हल्लेखोराच्या हातचा होतो. फंक्शन परत फिरताना प्रोसेसर घरी न जाता त्या परक्या मालात उडी मारतो.

आणि हे सगळं होतं संदेश अर्धवट असताना. हल्लेखोर सुरुवातीला भलीमोठी लांबी सांगतो, थोडा माल पाठवतो आणि मध्येच थांबून तो एंडपॉइंटचा निरागस प्रश्न विचारतो. संदेश पूर्ण झालेलाच नाही, म्हणून सही तपासायची पाळीच येत नाही. तपासनीस टेबलाशी शिक्का घेऊन बसलेला, आणि त्याच्यापर्यंत रांग पोचलीच नाही.

एआरएम-७ ला मेमरी संरक्षणाचं एकक नाही, त्यामुळे 'हा भाग डेटा आहे, इथून सूचना चालवू नकोस' असं सांगायची सोय नव्हती. स्टॅकवर पहारेकरी-मूल्यही (कुणी स्टॅक तुडवला की बदलून ते उघडं पाडणारा आकडा) ठेवलेलं नव्हतं. पण मला त्याहून जास्त टोचतो तो पत्त्यांचा नकाशा. स्टॅक जर बफरांच्या खालच्या पत्त्यांवर ठेवला असता, तर पुढे वाहणारी मेमकॉपी त्याच्यापर्यंत पोचलीच नसती. चूक तशीच राहिली असती, पण निदान परतीचा पत्ता असा अलगद हाती लागला नसता. लिंकरच्या फाइलमधला (मेमरीत काय कुठे बसेल ते ही फाइल ठरवते) हा बदल एका दुपारचा. लिंकरची फाइल मात्र आपल्याकडे बहुतेक ठिकाणी मागच्या प्रोजेक्टमधून उचललेली असते आणि तिच्याकडे पुन्हा कुणी ढुंकून पाहत नाही.

तीन मागितले, तीन मिळाले

ही चूक चाचणीत सापडण्यासारखी होती का? माझं उत्तर स्पष्ट 'हो' असं आहे. यूएसबीचे प्रमाणित प्रश्न मिळून डझनाच्या आतबाहेर. प्रत्येक प्रश्न, प्रत्येक प्रकारच्या ग्राहकाला (पूर्ण यंत्र किंवा त्यातला एखादा एंडपॉइंट), वाढत्या लांबीनं विचारणारी स्क्रिप्ट पंधरा-वीस ओळींत बसते. त्यासाठी २८,६७२ पर्यंतही जायला नको. ३ बाइट मागितले आणि ३ मिळाले, इथेच कान टवकारायला हवेत, कारण उत्तर २ चंच असायला हवं होतं.

गंमत अशी की सभ्य साधनं वापरणाऱ्याला हे सहज दिसतही नाही. लिनक्सवर यूएसबीसाठी सर्रास वापरली जाणारी लायब्ररी अशा नियंत्रण-विनंतीला ४,०९६ बाइटांच्या वर जाऊ देत नाही, आणि नेहमीचा ड्रायव्हर तर नेमके २ बाइटच मागतो. हल्ल्याची स्क्रिप्ट लायब्ररीला वळसा घालून थेट कर्नलशी बोलत होती. आपण चाचणी करतो ती सभ्य यजमान बनून. पलीकडे बसलेल्यावर तसं काही बंधन नसतं.

हे दुसऱ्याला सांगायचा मला फारसा अधिकार नाही, तोही सांगून टाकतो. काही वर्षांपूर्वी एका लहान कॉर्टेक्स-एम कंट्रोलरसाठी मी बूटलोडर लिहिला होता, यूआर्टवरून (साध्या सिरियल वायरवरून) नवं फर्मवेअर घेणारा. हेडरमध्ये, म्हणजे मालाच्या पुढच्या माहितीत, सुरुवातीचा पत्ता आणि लांबी. मी इमानदारीनं तपासत होतो: सुरुवात अधिक लांबी ही सीमेच्या आत आहे का? रिव्ह्यूत तिघांनी पाहिलं, तिघांनी मान डोलावली. नंतर सहकाऱ्याच्या हट्टापायी हेडर वाचणारा भाग वेगळा काढून लॅपटॉपवर कंपाइल केला आणि त्याच्यावर फझर (वेडेवाकडे इनपुट मारत राहणारं साधन) सोडला. चहा घेऊन परत येईपर्यंत क्रॅश. लांबी इतकी मोठी की ३२ बिटांत बेरीज गुंडाळली जाऊन लहान झाली आणि सीमेच्या आत सुखेनैव बसली. बेरीज करण्याऐवजी सीमेतून सुरुवात वजा करून लांबी त्याच्याशी ताडायची होती, बस्स. आमचा कोड फ्लॅशमध्ये, म्हणजे पुन्हा लिहिता येणाऱ्या मेमरीत, होता आणि माल अजून बाहेर गेला नव्हता, म्हणून निभावलं. तेव्हापासून बूटलोडरमध्ये बाहेरून येणारा कुठलाही आकडा वाचणारं फंक्शन लॅपटॉपवर कंपाइल होत नसेल तर मी ते रिव्ह्यूला घेतच नाही.

दुरुस्तीची खिडकी, तीही बंद

मास्क रॉम बदलता येत नाही हे चिप बनवणाऱ्यांनाही ठाऊक असतं, आणि एनव्हिडियानं त्यासाठी पळवाट ठेवली होती. फ्यूजच्या एका भागात लहान लहान दुरुस्त्या साठवता येत. रॉम सुरू होताना त्या वाचल्या जात आणि ठरावीक पत्त्यांवरच्या सूचनांऐवजी दुसऱ्या सूचना चालवल्या जात. कल्पना उत्तम. पण हे फ्यूज कारखान्यातच जाळायचे, यंत्र बाहेर पडण्यापूर्वी तो भाग कायमचा बंद. त्यातही चूक नाही. तो भाग उघडा ठेवला असता तर हल्लेखोरानंच त्यातून रॉम बदलली असती.

परिणाम असा की घराघरांत पोचलेल्या यंत्रांना कुठलंही अपडेट वाचवू शकत नव्हतं. मार्च २०१८ अखेर निन्टेंडोनं १ कोटी ७७ लाख ९० हजार स्विच विकले होते.

निन्टेंडोनं जुन्या आवृत्तीकडे परत जाणं अडवायला आणखी एक व्यवस्था ठेवली होती: मोठ्या अपडेटबरोबर एकेक फ्यूज जळतो आणि जळालेल्या फ्यूजची मोजणी अपेक्षेशी जुळली नाही तर यंत्र सुरूच होत नाही. चोख. फक्त ती मोजणी करतो रॉमनंतरचा बूटलोडर. रॉममध्येच ताबा मिळाला की त्या बूटलोडरला बोलवायचं की नाही हे हल्लेखोर ठरवतो. त्या क्षणी चाव्यांवर अजून पडदा पडलेला नसतो, त्यामुळे त्या यंत्राच्या स्वतःच्या चाव्याही काढून घेता येत. पुढे लोकांनी बूटचा तक्ता मुद्दाम बिघडवून ठेवायची युक्ती काढली. तक्ता खराब दिसला की रॉम आपण होऊन रिकव्हरीत जाते, मग पेपरक्लिपही नको. बिघाडात मदत करायची म्हणून लिहिलेलं वर्तनच हल्लेखोराच्या सोयीचं झालं.

जाहीर कसं झालं

केट टेमकिन आणि रीस्विच्ड या गटानं ही खोट शोधली, तिला 'फ्यूझे जेले' हे नाव दिलं आणि एनव्हिडियाला आधी कळवलं. जाहीर करायचं ठरलं होतं जूनमध्ये. पण तीच खोट फेलओव्हरफ्लो या दुसऱ्या गटालाही स्वतंत्रपणे सापडली होती. त्यांनी फेब्रुवारीतच स्विचवर लिनक्स चालू असल्याचं चित्र टाकलं होतं. त्यांनी घातलेली ९० दिवसांची मुदत एप्रिलच्या शेवटी संपत होती. त्याआधीच कुणीतरी निनावीपणे तपशील बाहेर टाकले, आणि २३ एप्रिल २०१८ ला दोन्ही गटांनी आपापलं काम प्रसिद्ध केलं. खोटेला सीव्हीई या सुरक्षा-चुकांच्या सार्वजनिक यादीत क्रमांक मिळाला सीव्हीई-२०१८-६२४२. टेग्रा एक्स-२ च्या आधीच्या बहुतेक टेग्रा चिपांच्या रॉममध्ये तीच चूक. म्हणजे प्रश्न एका खेळण्याचा नव्हता.

एकाच चिपचाही नव्हता. २०१७ मध्ये क्वार्क्सलॅबच्या संशोधकांनी एनएक्सपीच्या आय-डॉट-एमएक्स चिपांच्या रॉममध्ये दोन चुका दाखवल्या होत्या. एक सर्टिफिकेट वाचणाऱ्या भागात, दुसरी सिरियल डाउनलोडच्या भागात. दोन्हींत बाहेरून आलेल्या मालानं स्टॅक ओसंडतो. त्या चिपा कारखान्यांतल्या पॅनेलांपासून गाड्यांपर्यंत सगळीकडे आहेत. सप्टेंबर २०१९ मध्ये आलं चेकमेट, ॲपलच्या ए-५ ते ए-११ चिपांच्या रॉममधलं, म्हणजे आयफोन ४-एस पासून आयफोन एक्सपर्यंत. तेही यूएसबीवाल्या दुरुस्तीच्या मोडमध्येच, फक्त तिथे मोकळी केलेली मेमरी पुन्हा वापरली जात होती.

तीन कंपन्या, तीन वेगळ्या टीम, आणि तिन्हींत किमान एक फट दुरुस्तीच्या दरवाज्यात, सही तपासण्याच्या आधी. मला यात योगायोग दिसत नाही. सहीचा कोड लिहायला गुप्तलेखन जाणणारा माणूस बसवतात, त्याचं काम दहा जण तपासतात. यूएसबीचा कोड जुन्या चिपवरून येतो, 'चालतंय ना' म्हणून. त्याला सुरक्षेचा कोड असं कुणी म्हणतच नाही. पण सही पटण्याआधी चालणारी प्रत्येक ओळ परक्याच्या मालाला हात लावत असते, आणि हल्लेखोराच्या हिशेबी तीच पहिली.

यूएसबी रॉममध्ये घालूच नये, इतकं टोकाचं मी म्हणणार नाही. कारखान्यातला माणूस कोरा बोर्ड हातात घेऊन उभा असतो, त्याला काहीतरी द्यावंच लागतं. पण कारखान्यातून बाहेर पडताना तो दरवाजा फ्यूजनं बंद करायची सोय असते, तेव्हा ती वापरावी. एसटीएम-३२ घराण्यातल्या कित्येक चिपांत वाचन-संरक्षणाची दुसरी पातळी लावली की डिबग (बाहेरून आत डोकावून चूक शोधायची सोय) कायमचं बंद होतं आणि चिपमधल्या तयार बूटलोडरकडे जायची वाटही बंद होते. ही पातळी लावायला लोक कचरतात. उद्या परत आलेला बोर्ड उघडायचा कसा? रास्त भीती आहे, मलाही वाटते. पण मग निर्णय लिहून ठेवा, की आम्ही दुरुस्तीसाठी दार उघडं ठेवलंय आणि म्हणून त्या दारातला कोड सहीच्या कोडइतकाच तपासलाय. 'आधीच्या प्रॉडक्टमध्ये असंच होतं' हे कारण होऊ शकत नाही.

नंतर

२०१८ च्या मध्यापासून कारखान्यातूनच फ्यूजमध्ये दुरुस्ती घेऊन आलेले स्विच बाजारात दिसू लागले. बाहेरून तंतोतंत तसेच, फरक फक्त अनुक्रमांकात. २०१९ मध्ये सुधारित चिप आली, तिची रॉमच नवी. त्यानंतर वर्षभरात त्या चिपलाही गाठलं गेलं, पण रस्ता दुसरा: यंत्र उघडून आत बारीक चिप जोडायची आणि नेमक्या क्षणी प्रोसेसरचा वीजपुरवठा किंचित ढासळवायचा, म्हणजे तपासणीची सूचना त्याच्याकडून चुकते. ही व्होल्टेज ग्लिच. इथे सोल्डरिंग लागतं, हात बसलेला लागतो. पेपरक्लिप आणि सोल्डरिंगची बंदूक यांत हल्लेखोरांच्या संख्येचा किती फरक पडतो, हे ज्यानं पॉइंट चार मिलिमीटरच्या पायांवर तार लावलीय त्याला विचारा.

आणि तो पहिल्या वर्षीचा, खोट असलेला स्विच? जुन्या यंत्रांच्या बाजारात त्याचे अनुक्रमांक तपासायच्या याद्या अजून फिरतात. जाहिरातीत विकणारा मोठ्या अक्षरांत लिहितो, 'अनपॅच्ड'. घेणारा पेटीवरच्या क्रमांकाचा फोटो आधी मागवतो.